पटवारीभाऊंचं देणं

माझ्या आईने वर्ध्याच्या कोर्टात सख्ख्या भावांवर वाटणीचा दावा लावला, तेव्हा वकिलाला द्यायला तिच्याजवळ पैसे नव्हते. माहेर केळझरचं. आजी आधीच गेलेली, आजोबा 1996 मध्ये गेले. वारसांच्या फेरफारात दोघा मामांचीच नावं चढली आणि कोणी काही बोललं नाही. पुढे सेलू तालुक्यातून समृद्धी महामार्ग आखला गेला, जमिनीला भाव आला, आणि भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र येऊन पडलं. आईने सही केली नाही.

त्या दिवसांत आम्हाला धरून ठेवलं ते गावातल्याच एका निवृत्त पटवाऱ्यांनी. त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं. आम्ही पटवारीभाऊच म्हणायचो. गणपतीच्या टेकडीकडे जाताना त्यांचं घर लागायचं. "वकील मंग पाहू बाई, पयले कागद वाचाले शिक," हे त्यांचं पहिलं वाक्य. चौथी शिकलेल्या आईला ओसरीवर बसवून त्यांनी सातबारा वाचायला शिकवला. वरचा सात मालकीचा, खालचा बारा पिकांचा. नावाजवळ वर्तुळात आकडा असतो तो फेरफाराचा. कंसात घातलेलं नाव म्हणजे उडालेलं नाव. आई बोट ठेवून वाचायची. चुकली की ते नुसते खाकरायचे. फेरफारात नाव नाही म्हणून हक्क जात नसतो, ती नोंद सरकारच्या वसुलीपुरती, हे त्यांनी इतक्यांदा घोकून घेतलं की पुढे तिने ते न्यायाधीशांनाही ऐकवलं.

मामांचं म्हणणं, जमीन आजोबांची स्वकष्टार्जित. पटवारीभाऊ म्हणाले, 1954-55 चा अधिकार अभिलेख काढ. मालगुजारी 1951 मध्ये संपली, त्यानंतर आपल्याकडे कुळवार नोंदी झाल्या त्या यात आहेत. नकलेचा अर्ज त्यांनीच लिहिला, सेलूच्या तहसिलीत सोबत आले आणि चहाचे पैसेही आम्हाला देऊ दिले नाहीत. नकलेत पणजोबांचं नाव निघालं. जमीन वडिलोपार्जित ठरवायला तेवढा एक कागद पुरला.

पेशीला आई एकटीच उभी राहायची. शेवटी न्यायाधीशांनीच तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवलं. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईमाणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फुकटचा वकील काय कामाचा, असं नातेवाईक म्हणाले. मिळालेल्या वकीलबाईंनी फाइल चाळली आणि विचारलं, "हे कागद कोणी लावले?"

अडचण होती ती वारसा कायद्यातच. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद झाली खरी, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या एका निकालाप्रमाणे 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असायला हवे होते. महाराष्ट्राची 1994 ची दुरुस्तीही आईच्या कामाची नव्हती, कारण तिचं लग्न त्याआधीच झालेलं. म्हणजे वडिलांच्या तिसऱ्या हिश्शातला तिसरा, एकूण जमिनीचा नववा हिस्सा. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात ती हयातीची अट गेली आणि नवव्याचा तिसरा झाला. मामांच्या वकिलाने तो निकाल वाचला असणार, कारण तडजोडीचा निरोप त्यांच्याकडूनच आला. लोकअदालतीत निवाडा झाला. त्यावर अपील नसतं, हे दोन्हीकडच्यांच्या पथ्यावर पडलं.

पटवारीभाऊ त्याआधीच वारले होते. पहिल्या तुरीचं पोतं घेऊन आई त्यांच्या मुलाकडे गेली. "बाबांनी कोणाकडून काही घेतलं नाही, मी कसं घेऊ," म्हणत त्याने ते परत गाडीत ठेवलं. तेव्हा देणं आहे तसंच आहे. त्यातलं थोडं इथे उतरवते: सेलू-केळझरकडे ज्या कोणा बाईपुढे हक्कसोडपत्र ठेवलं असेल, तिने सही करण्याआधी 15100 ला फोन लावावा. तो विधी सेवेचा नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत.