समुद्र की साइटसीइंग? आधी सूर्यास्ताची वेळ बघा



चातुर्मास संपला की आपल्या घराघरांत लग्नाच्या तारखा निघायला लागतात. हॉल, आचारी, साड्या यांच्या जोडीला हल्ली आणखी एक विषय असतो, तो म्हणजे हनिमूनला कुठे जायचं. आमच्या सासूबाईंच्या पिढीत नवं जोडपं शंखेश्वर-पालिताण्याला जायचं, तेही घरातली सहा माणसं बरोबर घेऊन. आम्ही दोघं तीन दिवस माउंट आबूला गेलो आणि देलवाड्याची मंदिरं बघून आलो. आताच्या मुलींपुढे सगळं जग खुलं आहे. तरी फिरून फिरून प्रश्न एकच असतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये चार-पाच दिवस निवांत राहायचं, की रोज नवं शहर बघत हिंडायचं?

आम्हा जव्हारकरांना पर्यटक नवे नाहीत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या आणि नाशिकच्या गाड्या येतात. जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, दाभोसा धबधबा आणि संध्याकाळी सनसेट पॉइंट असा एका दिवसाचा कार्यक्रम ठरलेला असतो. पुढे मोखाड्याला, सूर्यमाळपर्यंत जाणारे थोडेच. आमचं दुकान बाजारात आहे, त्यामुळे छत्री नाहीतर पाण्याची बाटली घ्यायला ही नवी जोडपी येतात. काहींनी सगळे पॉइंट उरकलेले असतात, पण एकमेकांशी बोलायचं त्राण नसतं. काहींनी दाभोसा बघितलेलाही नसतो, पण चेहरे खुललेले असतात. उलटंही बघितलंय, खोलीत बसून कंटाळलेली जोडपी दुपारी चार वाजता "इथे बघण्यासारखं काय आहे हो?" विचारत येतात. म्हणजे नुसत्या जागेच्या नावावरून काही कळत नाही.

आणखी एक गंमत सांगते. सनसेट पॉइंटवर लोक सूर्य कधी बुडतो याची वाट बघत उभे असतात, आणि नेमक्या त्याच वेळी तो बुडायच्या आत ताटं व्हावीत म्हणून आमच्या स्वयंपाकघरात धावपळ चाललेली असते. नोव्हेंबरअखेर आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या सुमारास. ही वेळ आपल्या दिवसाचा खुंटा आहे. हनिमूनचं ठिकाण निवडतानाही तोच खुंटा धरावा लागतो, हे मला गेल्या वर्षी आमच्या पुतणीच्या लग्नात नीट कळलं.

पुतणी म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची मुलगी, फार्मसी शिकलेली. नवव्या वर्षापासून तिचा चौविहार आहे. हॉस्टेलला असतानासुद्धा संध्याकाळी साडेपाचला डबा खाऊन तिने तो सांभाळला. मुलगा नाशिकचा, मोखाडा-त्र्यंबकमार्गे दोन-अडीच तासांचा रस्ता. आपल्यातलंच घर, कंदमूळ कोणी खात नाही, पण चौविहार फक्त आजींचा. बाकीची मंडळी दुकान बंद करून रात्री नऊला जेवतात. लग्न मे महिन्यातलं होतं. मुलाच्या मनात मालदीव होतं, पाच रात्री, पाण्यावरची खोली. पुतणीला स्वित्झर्लंड-पॅरिस हवं होतं, ग्रुपबरोबर आठ दिवस. दोन्हीची पत्रकं जानेवारीपासून आमच्या फ्रिजवर लावलेली होती.

एका दुपारी मी, जाऊबाई आणि पुतणी कागद घेऊन बसलो आणि दोन्ही ठिकाणचा एकेक दिवस घड्याळाप्रमाणे लिहून काढला. मालदीव विषुववृत्ताजवळ आहे, त्यामुळे तिथे वर्षभर सूर्यास्त सहाच्या आगेमागे होतो. काही रिसॉर्टवाले आपलं घड्याळ राजधानी मालेच्या एक तास पुढे ठेवतात, तेव्हा बुकिंगच्या कागदावरची वेळ बघून फसायचं नाही. रिसॉर्टमध्ये रात्रीचं जेवण साधारण सात-साडेसातनंतर सुरू होतं. म्हणजे पाचही दिवस ती उपाशी आणि नवरा बुफेत एकटा. पॅकेजमध्ये 'सनसेट फिशिंग' होतं, मासे धरायला बोटीतून न्यायचं. 'ऑल इन्क्लुझिव्ह' म्हणून जे जास्तीचे पैसे होते, त्यातला मोठा भाग दारूचा होता. तिथे पूजेसाठी मूर्ती नेता येत नाही, हेही वाचण्यात आलं.

युरोपात मेअखेर सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. चौविहाराला याहून सोपं काय? पण हिवाळ्यात गेलात तर तिथेच पावणेपाचला अंधार पडतो, हे डिसेंबरमधल्या लग्नांनी लक्षात ठेवावं. ग्रुपच्या सहलीत जैन जेवण मिळतं, बरोबर आचारी असतो, सगळं खरं. पण सकाळी साडेसहाला बॅगा खोलीबाहेर, दिवसभर बस, आजूबाजूला चाळीस माणसं. उन्हाळ्यात तिकडे सूर्योदयही लवकर होतो, म्हणून नवकारशीची अडचण नव्हती. अडचण होती ती दोघांना दोघांपुरता वेळ कधी मिळणार याची.

कागद भरला, तरी पुतणी गप्पच होती. जाऊबाई आत गेल्यावर म्हणाली, "काकू, मालदीव नको म्हटलं तर त्याला वाटेल मी हट्टी आहे. आणि चौविहाराचं कारण सांगितलं तर वाटेल, हिने आत्तापासूनच नियम लावायला सुरुवात केली."

तेव्हा मला कळलं की प्रश्न ठिकाणाचा नव्हताच. मुलाला चौविहाराचं माहीत होतं, पण नुसतं कानावरून गेलेलं. बघण्याच्या कार्यक्रमात कोणीतरी सांगितलं होतं आणि त्याने मान हलवली होती. रोज संध्याकाळी त्याचा अर्थ काय होतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. जाऊबाईंचं म्हणणं होतं, "पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. सवलत घे, आल्यावर महाराजसाहेबांकडून आलोयणा घे. नव्या संसारात वाद नको." एक आई असंच म्हणणार, मी तिला दोष देत नाही. पण सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "नियम ठेवायचा की नाही ते तिचं ती ठरवील. पण नवऱ्याला न सांगता तो पाळणार कसा? रोज संध्याकाळी भूक नाही म्हणणार का? आणि मोडला, तर ते तरी त्याला कळणार का?"

पुढच्या रविवारी मुलगा आला होता. दोघं हनुमान पॉइंटला जाऊन बसली आणि दीड तासाने परत आली. काय बोलणं झालं ते पुतणीने रात्री सांगितलं. ऐकल्यावर तो आधी म्हणाला, "म्हणजे मी रोज एकटाच जेवायचं?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "आमच्याकडे एका छपराखाली अकरा माणसं आहेत. मला फक्त असे चार दिवस हवे आहेत की कोणी हाक मारणार नाही. मालदीवच हवं असं नाही. समुद्रात उतरायची तर मला भीतीच वाटते." पुतणी हसली. तिलाही पॅरिसचं काही नव्हतं, फक्त बर्फाचे डोंगर बघायचे होते.

त्याला निवांतपणा हवा होता आणि तिला संध्याकाळचा उजेड. ना तो रिसॉर्टवरच अडून होता, ना ती ग्रुपच्या सहलीवर. मग दोन्ही पत्रकं फ्रिजवरून उतरली. स्वित्झर्लंडमध्ये लाउटरब्रुनेन नावाचं एक खोऱ्यातलं गाव आहे. तिथे लहानसं स्वयंपाकघर असलेली खोली सहा रात्रींसाठी घेतली. रेल्वे, बस आणि बोटींसाठी एकच स्विस ट्रॅव्हल पास काढला. त्यावर ३४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राऊयोखच्या रेल्वे तिकिटात पंचवीस टक्के सवलतही मिळते. ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी फिरायचं, नाहीतर खिडकीत बसायचं. जाऊबाई म्हणाल्या, "हनिमूनला जाऊन काय भांडी घासायची?" त्यावर जावईबापू म्हणाले, "भांडी मी घासेन, खिचडी तिने लावावी." आणि म्हणे खरंच घासली.

तिथून पुतणीने गावातल्या श्टाउबबाख धबधब्याचा फोटो पाठवला. सासूबाई चष्मा लावून म्हणाल्या, "हा तर आपला दाभोसाच!" तो जवळजवळ तीनशे मीटरचा आहे आणि आपला दाभोसा तीनशे फुटांचा, हे सांगितल्यावरही त्यांचं मत बदललं नाही.

दुसऱ्याच दिवशी एक अडचण आली. खोरं दोन्ही बाजूंनी उंच कड्यांचं, त्यामुळे सूर्य लवकर डोंगराआड जातो आणि पंचांगातला सूर्यास्त मात्र नऊनंतर. कुठली वेळ धरायची, म्हणून तिचा फोन आला. सासूबाईंनी विचारलं, "आषाढ-श्रावणात जव्हारला आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा आपण काय बघतो?" घड्याळच बघतो. तरी पुतणीने स्वतःहून साडेसातची वेळ धरली. पहिल्या दिवशी तो तिच्याबरोबर जेवला आणि मग रोजच जेवला.

समुद्राला मी नाव ठेवत नाही. मोखाड्याच्या माझ्या मैत्रिणीची मुलगी मालदीवला जाऊन आनंदाने आली. तिने बुकिंगच्या आधी रिसॉर्टला ईमेल करून संध्याकाळी साडेपाचला जेवण मिळेल असं लेखी घेतलं होतं. एका जागी राहण्याचा हा फायदाच आहे. पाच दिवस एकच स्वयंपाकघर, एकदा नीट समजावलं की रोज सांगावं लागत नाही. हिंडायच्या सहलीत रोज नवा आचारी आणि रोज पहिल्यापासून कथा.

तुमच्या घरात मुलीचं किंवा मुलाचं लग्न असेल तर आमच्या अनुभवातून एवढं सांगते.

विमानात 'जैन मील' आधी मागावं लागतं. त्याचं सांकेतिक नाव व्हीजेएमएल, आणि निदान चोवीस तास आधी नोंदवावं. हॉटेलला नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका, त्यात अंडं चालतं असं समजणारे पुष्कळ. 'व्हीगन' म्हटलं तर दूध-अंडं जातं, पण कांदा, लसूण, बटाटा राहतो. काय काय नको त्याची यादीच द्या. इटलीच्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, पुडिंगमध्ये जिलेटिन, आणि थायलंड-व्हिएतनामकडे भाजीतही फिश सॉस.

खाखऱ्याचा काळ उन्हाळ्यात वीस दिवस आणि हिवाळ्यात तीस, तेव्हा आठ-दहा दिवसांची सहल सहज निघते. पण स्वित्झर्लंडमध्ये भारतातून तूप, पेढे, बर्फी नेऊ देत नाहीत, खाखरे तेलाचे न्या. हॉटेलच्या किटलीत कोणी काय उकळलेलं असेल सांगता येत नाही. उकाळलेल्या पाण्यासाठी आपली छोटी किटली बरोबर असू द्या.

तिकीट आणि पासपोर्टवरचं नाव एकच हवं. लग्न झालं म्हणून तिकिटावर सासरचं आडनाव घालायची घाई करू नका. मालदीवला पोहोचल्यावर तीस दिवसांचा व्हिसा फुकट मिळतो, पण निघण्याआधीच्या ९६ तासांत 'इमुगा'वर माहिती भरावी लागते, आणि रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर हरित कर लागतो. सी-प्लेन अंधारात उडत नाही. विमान संध्याकाळी उतरणार असेल तर एक रात्र मालेत काढावी लागते. युरोपच्या शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे, ३०,००० युरोचा विमा लागतो, आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. लग्नाच्या धावपळीत ते शेवटच्या महिन्यावर टाकू नका. परदेशी पॅकेजवर टीसीएस कापला जातो, तो रिटर्न भरताना मिळतो, म्हणून ज्याच्या पॅनवर बुकिंग आहे ते लक्षात ठेवा.

आणि सगळ्यात आधी, पैसे भरण्यापूर्वी, दोघांना एका कागदावर तिथला एक दिवस लिहायला सांगा. उठणार कधी, जेवणार कधी, कोणाबरोबर, आणि सूर्य किती वाजता मावळणार. मुलीला काही नियम असेल तर तो तिने स्वतःच्या तोंडाने, मुलाच्या समोर, त्याच वेळी सांगावा. काकूने किंवा आईने निरोप द्यायचा नाही. आमची पुतणी आता नाशिकला आहे. तिथे संध्याकाळी सहाला दोन ताटं वाढली जातात, एक आजींचं आणि एक तिचं. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा तिसरंही असतं.