सातव्या मिनिटाला विझणारा गिझर

गॅस गिझर विझण्याच्या तऱ्हा असतात आणि त्या चक्क घड्याळावर ओळखता येतात. पेटून चार-पाच सेकंदांत विझला, तर बहुधा ज्योत ओळखणाऱ्या काडीवर काजळी बसलेली असते. पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो असं चाललं असेल, तर पाण्याचा जोर कमी पडतोय. बरोबर वीस मिनिटांनी विझला, तर तो बिघाडच नाही. बऱ्याच गिझरांत तेवढ्या वेळाने आपोआप बंद व्हायची सोय असते.

आमचा गिझर सातव्या-आठव्या मिनिटाला विझायचा. हे कुठल्याच खान्यात बसेना.

घर शिवाजी पेठेतलं, जुनं आणि बैठं. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम इथूनच करते आणि कामाची सवय अशी, की आधी लॉग बघायचा, मग मत द्यायचं. त्यामुळे फ्रिजवर कागद चिकटवला: कोण आंघोळीला गेलं, किती वाजता, कितव्या मिनिटाला विझला. चार दिवसांत दोन वेगळे बिघाड दिसायला लागले.

पहिला सोपा होता. नळ उघडला की पाण्याच्या जोराने गिझरमधला रबरी पडदा सरकतो, तो एक छोटा स्विच दाबतो, मग दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडते आणि गॅस सुटतो. (अमेरिकेत लोक घरासारख्या गाड्या घेऊन हिंडतात, त्यांच्या हीटरमध्ये हेच काम पत्र्याचं एक पातं करतं, ते पाण्याऐवजी हवेचा झोत तपासतं.) आमच्या गिझरच्या स्टिकरवर किमान दाब ०.०२५ मेगापास्कल लिहिलाय, म्हणजे पाणी साधारण अडीच मीटर उंचीवरून यायला हवं. टाकी नळापासून जेमतेम तेवढीच वर. कुणी स्वयंपाकघरातला नळ सोडला की हिशेब तुटीत. टाकीपासून वेगळा पाइप टाकला, गिझरच्या तोंडची गाळाने भरलेली जाळी धुतली, विषय संपला.

दुसरा बिघाड जवळजवळ फक्त आजीच्या नावापुढे होता.

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला थंडी सोसत नाही, म्हणून दिवाळीनंतर बाथरूमच्या झडपेला थर्माकोल लावलेला. दार घट्ट लावून, दोन बादल्या भरून ती निवांत आंघोळ करते. गिझर आतच, तिच्या डोक्याच्या वर. आणि न्हायच्या दिवशी तिचं डोकं दुखायचं, मळमळायचं. "पित्त उठलंय," म्हणायची आणि मोरावळा खाऊन पडून राहायची. हे कागदावर नव्हतं. आईने सहज सांगितलं, तेव्हा मला बसल्या जागी गार वाटलं.

उद्यमनगरातून मिस्त्री आले. प्रश्न मी विचारत होते, उत्तरं ते बाबांना देत होते. "साहेब, ह्येचा थर्मोस्टॅट लई नाजूक असतोय. दोन वायरी जोडून डायरेक्ट करतो, परत तक्रार न्हाई."

थर्मोस्टॅट हा जास्त तापल्यावर गॅस तोडणारा राखणदार. पण पाणी तर नेहमीइतकंच गरम होतं. मी म्हटलं, जोडा, फक्त बघण्यापुरतं. त्यांनी जोडल्या, दार लावून गिझर चालू ठेवला आणि आम्ही सगळे बाहेर उभे राहिलो. आठव्या मिनिटाला विझला. मग वायरी पुन्हा होत्या तशा करायला लावल्या, दार आणि झडप सताड उघडली. या वेळी थेट विसाव्या मिनिटाला बंद.

"हवा," मिस्त्री म्हणाले. या वेळी माझ्याकडे बघून.

आकडे मांडले तर अंगावर येतात. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण जोरात चालला, तर तासाला साधारण एक किलो गॅस खातो. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांत दोन घनमीटर. आमची बाथरूम चार बाय सहा फूट, उंची आठ. सगळी मिळून साडेपाच घनमीटरसुद्धा नाही. त्या कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन उतरत जातो, ज्योत पिवळी, लांबट, हलती होते, काडीपासून सुटते. ज्योतीतून वाहणारी किंचितशी वीज थांबते आणि गिझर समजतो की विझलं.

मात्र ती काडी ऑक्सिजन मोजत नाही. ज्योत सुटण्याच्या कितीतरी आधीपासून अर्धवट जळालेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोकं दुखणं, मळमळणं, गरगरणं ही त्याची पहिली लक्षणं. गॅस गळला तर नाकाला कळावं म्हणून सिलिंडरमध्ये उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. तेही ज्योतीत जळून जातं. मोनॉक्साइडला स्वतःचा वास नाही, रंग नाही. आजीच्या लहानपणी तांब्याचा बंब परसात पेटायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, खोकला यायचा, माणूस आपसूक बाजूला व्हायचा. आमच्या स्वच्छ निळ्या ज्योतीजवळ असं सांगायला काहीच नाही.

दार थोडं उघडं ठेव, हे आजीला सांगून बघितलं. "या वयात दार उघडं टाकून न्हाऊ व्हय गं?" तिचंही खरं होतं. मग गिझरच बाहेर काढला. परसाच्या भिंतीला, पत्र्याच्या आडोशाखाली टांगला, भिंतीला भोक पाडून नुसता गरम पाण्याचा पाइप आत घेतला. मिस्त्रींचं अर्ध्या दिवसाचं काम. झडपेवरचा थर्माकोल मी स्वतः काढला.

तेव्हापासून आजीचं डोकं दुखलेलं नाही. तो मोनॉक्साइडच होता हे मी सिद्ध करू शकत नाही. रक्त तेव्हाच तपासायला हवं होतं. आजी सगळं श्रेय मोरावळ्याला देते आणि त्यावर मी वाद घालत नाही.

परसात उभं राहिलं की शेजारच्या काकूंच्या बाथरूमची झडप दिसते. तिच्यावर खळीने चिकटवलेलं वर्तमानपत्र आहे. मिस्त्रींना रविवारी परत बोलावलंय, काकूंकडे.