बल्ब बदल

फील्डची दोन वर्षं संपवून जोधपूरला पीस पोस्टिंगवर आलो आणि पहिल्याच रविवारी घरच्या गाडीचे हेडलाइट उघडले. बल्ब, स्क्रू, रबरी झाकणं काढली. मग ओव्हन 100 अंशांवर ठेवून एकेक दिवा दहा मिनिटं तापवला. समोरची ‘काच’ पॉलिकार्बोनेटची असते, साधारण 147 अंशांना मऊ पडते. ब्यूटाइलचा चिकट सील त्याच्या बराच आधी सैल होतो.

सुटलेली काच खिडकीशी धरली. पलीकडचा कडुलिंब नुसता पिवळट धुरकट दिसला.

दोन वर्षं बायको फोनवर सांगत होती, “रात्री समोरचं दिसत नाही रे.” मी म्हणायचो, “बल्ब बदल.” तिनं दोनदा बदलले. तापानं फणफणलेल्या लेकाला घेऊन एका रात्री ती याच उजेडात हॉस्पिटलला गेली होती. दिवे झाकून गाडी चालवायचं शिक्षण आम्हाला मिळतं. तिला कुणी दिलं नव्हतं.

काच 800 ते 2000 नंबरच्या पॉलिश पेपरनं ओली घासली, वर यूव्ही क्लिअर कोट मारला. आतल्या चौकटीच्या क्रोमचे पोपडे निघाले होते. ती मॅट काळी रंगवली. रिफ्लेक्टरला मात्र हात लावला नाही. त्यावरचा अॅल्युमिनियमचा थर पुसला तरी निघतो.

पुढच्या रविवारी नवा सील भरून दिवे बसवले. अंधार पडल्यावर भिंतीवर उजेड पाडून उंची जुळवली आणि किल्ली तिच्या हातात दिली. कॅन्टोन्मेंटच्या बाहेर पडेपर्यंत ती गप्प होती.

“मी सांगत होते ना,” मग ती म्हणाली.

“हो,” मी म्हणालो.