पाण्याखाली जाण्यापूर्वीचा कागद

मालवणच्या किनाऱ्यावर लहानाची मोठी झालेली, तरीही समुद्र आतून कधीच न पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. माझे यजमान त्यांपैकीच एक. नोकरीची सारी वर्षे डोंबिवलीच्या लोकलमध्ये गेली आणि वयाच्या ६६व्या वर्षी त्यांनी स्कूबा डायव्हिंग शिकण्याची इच्छा बोलून दाखवली. ठाण्यात राहणाऱ्या आमच्या मुलाने लगेच विचारले, "बाबा, या वयात?" त्यात काळजी होती, यजमानांना मात्र तो नकार वाटला. दोघांचाही अबोला मोडावा म्हणून मी माहिती गोळा करू लागले.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. बहुतेक ठिकाणी 'पॅडी' या १९६६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे अभ्यासक्रम चालतात. त्यांचे आरंभीचे तीन प्रकार. 'डिस्कव्हर स्कूबा' हा केवळ अनुभव. प्रशिक्षक सतत जवळ असतो आणि खोली १२ मीटरपलीकडे जात नाही. 'स्कूबा डायव्हर'मध्ये प्रमाणपत्र मिळते, पण पुढेही १२ मीटरपर्यंत आणि व्यावसायिक मार्गदर्शकासोबतच उतरता येते. 'ओपन वॉटर' प्रमाणपत्रानंतर साथीदारासह १८ मीटरपर्यंत जाता येते. त्यासाठी २०० मीटर पोहावे लागते आणि १० मिनिटे पाण्यावर तरंगावे लागते. यजमानांचे मन अर्थातच तिसऱ्यावर होते.

खरी अडचण वयाची नव्हती. ती वैद्यकीय प्रश्नावलीत होती. वय ४५च्या पुढे असल्यास धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि घराण्यातील हृदयविकार यांविषयी वेगळे प्रश्न असतात. यजमान बरीच वर्षे रक्तदाबाची गोळी घेतात. "दाब आटोक्यात आहे, मग लिहायचे कशाला?" असे त्यांचे म्हणणे.

लिहायचे, कारण पाण्यात शरीराचे गणित बदलते. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. शरीर पाण्यात बुडाले की हातापायांतील रक्त छातीकडे सरकते व हृदयावरील भार वाढतो. त्यात थंडी आणि श्रम यांची भर पडते. रक्तदाबाच्या काही औषधांनी श्रम सोसण्याची क्षमताही मर्यादित होते. या प्रश्नांना 'होय' लिहिले म्हणून दार बंद होत नाही; डॉक्टरांची तपासणी आणि सही तेवढी आवश्यक ठरते.

मुलगाच त्यांना कल्याणच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेला. औषधांची यादी पाहून, ईसीजी व ट्रेडमिल चाचणी करून डॉक्टरांनी उथळ पाण्यात, प्रशिक्षकासोबत उतरण्यास संमती दिली. ओपन वॉटरविषयी मात्र त्यांनी एकच प्रश्न विचारला : प्रवाहात साथीदार दमला, तर त्याला ओढत नावेपर्यंत आणाल का? त्या प्रमाणपत्रात दुसऱ्याची जबाबदारीही येते, हे यजमानांच्या तेव्हा ध्यानात आले. दोन दिवस ते फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलाला म्हणाले, "डिस्कव्हरच करू. तूही चल."

केंद्र निवडताना आम्ही दरापेक्षा चार गोष्टी आधी विचारल्या. एका प्रशिक्षकामागे किती जण उतरतात? नावेवर आपत्कालीन ऑक्सिजन असतो का? प्रश्नावली पैसे घेण्यापूर्वी भरून घेतात का? कानांतील दाब सारखा करणे आणि श्वास कधीही रोखून न धरणे, याचा सराव उथळ पाण्यात आधी करून घेतात का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जिथे टाळले गेले, ते केंद्र आम्ही सोडले.

परतीचा बेतही आधीच ठरवावा. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानप्रवास टाळावा. आंबोलीसारखा उंच घाट चढण्यापूर्वीही पुरेसा वेळ जाऊ द्यावा. आम्ही कोकण रेल्वेची तिकिटे काढणार आहोत. सर्दी झाली, तर बुडी रद्द करायची, हेही ठरले आहे.

पावसाळ्यात मालवणची बुडी बंद असते, म्हणून बेत दिवाळीनंतरचा आहे. तोवर यजमान रोज सकाळी पाऊण तास चालतात. प्रश्नावलीची भरलेली प्रत त्यांच्या औषधांच्या डब्यात आहे. रक्तदाबापुढे 'होय' त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे.