शेजारणीपेक्षा कमी

धुळे जिल्ह्यातल्या आमच्या सोलर प्रकल्पाच्या कंट्रोल रूममध्ये पडदाभर हिरव्या चौकटी असतात. एक चौकट म्हणजे एक स्ट्रिंग, एकामागे एक जोडलेल्या 20 प्लेटा. चौकट लाल झाली, करंट शून्य, तर काम सोपं. फ्यूज उडालाय नाहीतर कनेक्टर जळालाय. पोरगा क्लॅम्प मीटर घेऊन जातो आणि चहाच्या आत परत येतो. माझं डोकं खाते ती शेजारणीपेक्षा जराशीच कमी असलेली स्ट्रिंग. बाकीच्या साडेआठ अँपिअरवर, ही सव्वाआठवर.

नव्या पोरांना मी सांगतो, आकडा बघू नका, शेजार बघा. ढग आला की सगळ्यांचेच आकडे पडतात. मग घड्याळ बघा. रोज ठरावीक वेळी पडून सावरते ती सावली. (एकदा तीन दिवस केबली तपासल्यावर कळलं, सावली आम्हीच उभ्या केलेल्या सीसीटीव्हीच्या खांबाची होती.) दिवसभर कमीच असेल, तर एखाद्या प्लेटचा बायपास डायोड शॉर्ट झालेला असू शकतो. प्लेटमागे असे तीन असतात. एक गेला की तिसरा हिस्सा प्लेट कामातून गेली, म्हणजे साधारण 12 व्होल्ट कमी. पण समांतर जोडलेल्या शेजारणी हिलाही आपल्याच व्होल्टेजवर ओढून धरतात, त्यामुळे पडद्यावर घट दिसते ती करंटमध्ये. दुखणं एकीकडे, कळ दुसरीकडे.

एका नोव्हेंबरात एक इन्व्हर्टर सकाळी सुरूच होईना. इन्सुलेशनचा अलार्म द्यायचा आणि साडेनऊला आपसूक चालू व्हायचा. आम्ही इन्सुलेशन मोजायचा मेगर घेऊन पोचेपर्यंत सगळं कोरडं, रीडिंग ठणठणीत. फोनवरचा तज्ज्ञ सेन्सरवर ठपका ठेवून मोकळा झाला. पाचव्या दिवशी वॉचमन काकांना घेऊन, सूर्य जेमतेम वर आलेला असताना गेलो. इन्व्हर्टर अलग केला, रबरी हातमोजे घालून एकेक स्ट्रिंग सोडवून मोजत गेलो. धड स्ट्रिंगला अर्थिंगशी मीटर लावलं की आकडा ओघळत शून्याकडे जातो. अकरावीचा जागचा हलेना. पॉझिटिव्ह ते अर्थ 240 व्होल्ट, निगेटिव्ह ते अर्थ 560. एकूण 800, म्हणजे प्लेटमागे 40. 240 भागिले 40, सहा.

पॉझिटिव्हकडून सहावी प्लेट मोजली आणि खाली वाकलो. सहावी-सातवीमधली केबल क्लिपमधून निसटून स्ट्रक्चरच्या धारेवर टेकली होती. वाऱ्याने घासून घासून काळं आवरण कापलं गेलेलं, आत तांब्याची बारीक चमक, आणि नेमका तिथेच दवाचा थेंब. ऊन चढलं की तो वाळणार आणि पुरावा गायब. काकांनी बॅटरी धरली होती. ते एवढंच म्हणाले, “दादा, न बघता कसं कळलं?” त्या दिवशी चहा मी पाजला.

या पडद्याचं एक मला पटत नाही. मार्चमध्ये धूळ सगळ्यांवर सारखी बसते. सगळ्या शेजारणी मिळून खाली येतात आणि पडदा मात्र हिरवागार. म्हणून एक सुटी प्लेट मी रोज पुसून घेतो, शेजारची मुद्दाम मळकी ठेवतो आणि दुपारी दोघींचा करंट ताडून बघतो. पुसायचं काम काकांकडे आहे. ती चकचकीत प्लेट मोठ्या साहेबांची असावी, अशी त्यांची खात्री आहे.