आल्याचा भाव

सातारा जिल्ह्यात आमच्या रहिमतपूरकडे आल्याचा भाव किलोवर नाही, गाडीवर सांगतात. गाडी म्हणजे ५०० किलो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण झाली, की काढणीला आठ-नऊ महिने लागतात आणि तोवर भाव कुठल्या कुठे गेलेला असतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा अर्थशास्त्राची माझी शिदोरी एवढीच होती.

प्रवेश परीक्षेतून पार पडलेल्या मुलांना पहिल्या वर्षी भेटतं ते गणित आणि संख्याशास्त्र. माणसं बरीच उशिरा भेटतात.

मला ती ‘कॉबवेब’ प्रमेयात भेटली. निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये त्याला हे नाव दिलं. यंदा भाव चढला की सगळे लागण वाढवतात, पुढच्या हंगामात माल मुबलक येतो, भाव कोसळतो, मग लागण घटते आणि भाव पुन्हा चढतो. या चक्राची आकृती कोरेगाव तालुक्यातल्या कुठल्याही आले उत्पादकाने ओळखली असती. पण एक गोष्ट त्यात बसेना. भाव पडला की आमच्याकडे अनेक जण आलं काढतच नाहीत. ते जमिनीतच राखतात आणि पुढच्या वर्षी ‘जुनं आलं’ म्हणून विकतात. जुन्याला बरेचदा नव्यापेक्षा चढा दर मिळतो. त्यासाठी आणखी वर्षभर पाणी द्यायचं, भांगलण करायची, कंदकुजीची धास्ती बाळगायची. हा निर्णय आलेखात कुठेच नव्हता.

तो निर्णय शोधायची रीत मात्र याच संस्थेची जुनी होती. साताऱ्याचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये संस्था उभी राहिली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांच्या काळात वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी झाली आणि १९४० मध्ये ती छापली गेली. आमच्याच जिल्ह्यातली शेती! याच संस्थेतले नीलकंठ रथ आणि साताऱ्यात जन्मलेले वि. म. दांडेकर यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तोही पोटाला किती अन्न लागतं आणि त्याला किती पैसे पडतात, इथून सुरू होतो. १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस, ही त्यांची दारिद्र्यरेषा. मला हे अर्थशास्त्र सर्वांत श्रेष्ठ वाटतं, कारण ते आधी माणसाला विचारतं.

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी प्रश्नावली घेऊन मी गावाकडे फिरले. आलं जमिनीत राखलंत, त्या वर्षी घर कशावर चाललं? उसाचं बिल, दुधाचे पैसे, मुलाचा पगार, अशी उत्तरं आली. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं आणि सोसायटीचं कर्ज मात्र होतं, त्यांनी पडत्या भावातच गाड्या भरून दिल्या होत्या.