मातीच्या खात्यावर

कार्यालयीन कामासाठी तंजावरला गेलो असता मधला एक रविवार मोकळा मिळाला आणि कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला जाण्याचा योग आला. मुरुगनाच्या सहा प्रमुख स्थानांपैकी हे एक. साठ संवत्सरांच्या साठ पायऱ्या चढून वर जावे लागते. पुत्राने पित्याला प्रणवाचा अर्थ समजावून दिला म्हणून येथला देव स्वामिनाथ. पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांनी निम्मी संवत्सरे मोजताच तक्रार सुरू केली. पण ते असो.

दर्शनानंतर पंचधातूच्या मूर्ती घडवणाऱ्या एका कार्यशाळेत गेलो. बरोबर आमच्या कार्यालयातील एक तंजावरी मराठी सहकारी होते, त्यामुळे दुभाष्याची सोय झाली. विशीतला एक तरुण मेणाच्या मूर्तीवर माती चढवत होता. पहिला थर कावेरीच्या गाळाचा. ही माती लोण्यासारखी मऊ, म्हणूनच मेणावरची नखाएवढी रेघसुद्धा ती उचलते. त्यावर शेतातली माती वाळूत कालवून, आणि सर्वांत बाहेर भरड थर. मग साचा तापवायचा, मेण वितळून बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. सगळीकडे गाळाचीच माती का लावत नाही, असे मी विचारले. तो हसला. आतल्या वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर साचा फुटतो, असे त्याचे उत्तर सहकाऱ्यांनी मला सांगितले.

त्या उत्तराने मला एक जुनी नस्ती आठवली.

काही वर्षांपूर्वी वराहपालनाच्या प्रकल्पांना अर्थसाहाय्य देणाऱ्या एका योजनेचे प्रस्ताव माझ्याकडे येत असत. योजनेचे आणि राज्याचे नाव येथे घेत नाही, कारण या गोष्टीत इतर कोणापेक्षा माझ्या सहीचा दोष अधिक आहे. त्या प्रस्तावात शेडचे क्षेत्रफळ होते, माद्यांची संख्या होती, खाद्याचा खर्च आणि मांसाचा अपेक्षित भावही होता. व्याजाच्या हिशेबातील अर्ध्या टक्क्याची चूक मी शोधून काढली आणि त्याबद्दल स्वतःवर खूशही झालो. ‘सांडपाण्याची व्यवस्था’ या रकान्यात एकच ओळ होती : ‘प्रवर्तकाच्या स्वतःच्या शेतजमिनीत सोडण्यात येईल.’ मी त्यापुढे ‘पाहिले’ असा शेरा मारला.

त्या ओळीत वावगे काही वाटले नाही, त्याला माझे बालपणही कारण होते. माझे आजोळ गोव्यात बार्देशातले. शेजारच्या घरी जुन्या पद्धतीचा संडास होता. उंच चौथऱ्यावरून मैला खाली डुकरांच्या कोंडवाड्यात जाई, आणि डुकरांची घाण परसातल्या तांबड्या मातीत. चार जनावरे आणि माडांनी भरलेले परस. मातीत टाकले की सगळे जिरते, हा धडा तेव्हा पाठ झाला होता. परसात चार जनावरे असताना तो खराही होता.

दोन वर्षांनी पाहणीसाठी त्या प्रकल्पावर गेलो, तेव्हा शेडमध्ये चारशेच्या वर जनावरे होती. एका प्रौढ डुकरामागे रोज चार-पाच किलो मलमूत्र पडते आणि धुण्याचे पाणी त्याहून कितीतरी अधिक लागते. ते सगळे एका नळातून शेताच्या सखल कोपऱ्यात, रोज त्याच जागी येत होते. तेथे काळी साय धरलेले डबके साचले होते. बांधापलीकडच्या घरातील एका आजींनी आम्हाला चहा दिला, तो टँकरच्या पाण्याचा होता. त्यांच्या विहिरीचे पाणी दिसायला स्वच्छ होते आणि त्याला वासही नव्हता. पण तपासणीत नायट्रेट मर्यादेपलीकडे निघाले होते. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाही. घरात तीन महिन्यांचे तान्हे मूल होते आणि दुधाची भुकटी त्या विहिरीच्या पाण्यात कालवली जात होती. अशा बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नायट्रेटमुळे घटते आणि अंग निळे पडू लागते. मूल सुदैवाने बरे होते. आजी मला ‘साहेब’ म्हणत होत्या आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहणे मला जड जात होते.

परतल्यावर मी जे वाचन केले, ते सही करण्यापूर्वी करायला हवे होते. मातीत घाण नाहीशी होत नाही, तिची वाटणी होते. मातीच्या कणांमध्ये हवा खेळती असेल तर जिवाणू सेंद्रिय द्रव्य खाऊन त्याचा कार्बन वायुरूपाने सोडून देतात. अमोनियाचे नायट्रेट होते. मातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही, त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही. पिकाने उचलले नाही तर ते पाण्याबरोबर खाली उतरते. फॉस्फरस मात्र लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या संगतीत मातीतच अडकतो. माझ्या प्रकल्पाच्या डबक्यात हवाच पोचत नव्हती आणि कडेने जेथे पोचत होती तेथला नायट्रेट भेगाळ खडकातून थेट शेजाऱ्यांच्या विहिरीकडे निघाला होता.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात डुकरांचा व्यवसाय मोठा आहे. तेथे सेमाग्रेफ या संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात ‘सोलेप्यूर’ नावाचा प्रयोग केला. एक शेत भोवतालच्या भूजलापासून वेगळे काढून त्यावर डुकरांचे मलमूत्र सोडले आणि खाली निचरणारे पाणी नळांतून गोळा केले. सेंद्रिय द्रव्य आणि फॉस्फरस जवळजवळ सगळे मातीने अडवले. नायट्रेट खाली आले, तेव्हा त्याचा नायट्रोजन हवेत घालवण्यासाठी वेगळी टाकी योजावी लागली. म्हणजे मातीच्या मर्यादा जाणून त्यांनी पुढची सोय केली. आम्ही मर्यादा विचारल्याच नव्हत्या.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हते असे नाही. पवईच्या आयआयटीत प्रा. एच. एस. शंकर यांनी मृदा-जैवतंत्र विकसित केले. खडीच्या थरावर माती आणि खनिजांचा चुरा, त्यात गांडुळे, वर झाडे, आणि त्यावरून थेंबथेंब झिरपणारे सांडपाणी. थर कोरडा होऊन श्वास घेईल इतकी उसंत त्याला द्यायची. मुंबई महानगरपालिकेने वरळीच्या लव्हग्रोव्ह केंद्रात दिवसाला ३० लाख लिटर क्षमतेचा असा प्रकल्प उभारला होता. शहरी सांडपाण्यापेक्षा डुकरांचे पाणी कितीतरी पट दाट असते, म्हणून आधी घन भाग वेगळा काढून त्याचा गोबर गॅस किंवा खत करावे लागेल. खर्च येईल. पण तो खर्च नव्याने निर्माण होत नाही. तोवर तो आजींच्या विहिरीत जमा होत होता, एवढेच. अर्थशास्त्राच्या एम.ए.ला या विषयावर मी वीस गुणांचे उत्तर लिहिले होते.

स्वामीमलैच्या त्या तरुणाने निघण्यापूर्वी एक निवालेला साचा आमच्यासमोर फोडला. मातीची ढेकळे गळून पडली आणि आत तांब्याच्या रंगाची पार्वती. मला मात्र डुकरांच्या खाद्यातले तांबे आठवले. वाढीसाठी आणि पिलांची हगवण थांबावी म्हणून खाद्यात ताम्र आणि जस्ताची संयुगे घालतात. त्यातला बहुतेक भाग मलातून बाहेर पडतो आणि शेतातच साठत राहतो. तेथे साचा फोडून धातू वेगळा काढता येत नाही.

गेल्या महिन्यात तशाच एका प्रकल्पाची नस्ती पुन्हा समोर आली. मी विचारले : मातीची खोली किती? पावसाळ्यात भूजल किती फुटांवर येते? जनावरामागे जमीन किती आणि तिला विश्रांती किती दिवसांची? खाद्यात तांबे किती? कक्ष अधिकारी म्हणाले, “सर, नमुन्यात हे रकाने नाहीत.” मी वेगळा कागद जोडला. चार दिवसांनी प्रवर्तक तरुणाचा फोन आला. त्याने कोपऱ्यात खड्डा खणून पाहिला होता.

“साहेब, दोन फुटांवर खडक लागला. आता काय करू?”

जनावरे निम्मी करून मृदा-शुद्धीचा वाफा बांधावा, असे मी सुचवले. निम्म्या जनावरांवर कर्जाचा हप्ता बसत नाही, असे त्याच्या बँकेचे म्हणणे आहे. बुधवारी आम्ही तिघे बसणार आहोत.